गाण्याच्या शेवटचं व्हायोलिन

नवऱ्यानं ती बातमी मला इंडियन ग्रोसरीत सांगितली. मी कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते, आणि तो फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "अगं, तुझ्या बँडचं ग्रेटेस्ट हिट्स येतंय."

तुझ्या बँडचं. इतक्या वर्षांत या माणसानं त्या बँडला कधी 'तुझा' म्हटलं नव्हतं. आता त्यांची गाणी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये वाजतात, तेव्हा तो माझा झाला. मी "बरं" म्हटलं आणि हातातली पिवळी पडलेली जुडीच पिशवीत टाकली. घरी आल्यावर त्याच जुडीवरून चिडचिडही मीच केली.

बातमी अशी होती की या कंट्री, म्हणजे इथली गावरान गाणी गाणाऱ्या बँडची आजवरची गाजलेली गाणी एकत्र येणार, आणि त्यात त्यांच्या पहिल्या रेकॉर्डमधलीही असणार. त्या पहिल्या रेकॉर्डवर व्हायोलिन मी वाजवलंय. हे मला माहीत आहे, नवऱ्याला माहीत आहे, बँडच्या गायकाला माहीत आहे. एका म्हाताऱ्या बँजोवाल्याला माहीत होतं, तो आता नाही. रेकॉर्डवर माझं नाव नाही. ती आता कुठे विकत मिळत नाही, फोनवरही ऐकायला मिळत नाही. आमच्या कपाटात एक सीडी आहे, तिच्यावर चरे पडलेत आणि ती लावायला घरात काही उरलेलं नाही. म्हणून ती गाणी परत येणार हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते सरळच सांगते. नाव छापा, असं माझं म्हणणं नव्हतं. माझं वाजवणं कुठेतरी राहावं, कुणीही बटण दाबलं तर ऐकू यावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते इतकं हवं होतं की मलाच माझी लाज वाटली.

इथे मॉरिसव्हिलला मी आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली. डिपेंडंट व्हिसा म्हणजे खा, प्या, झोपा, पण काम करायचं नाही. साताऱ्यात मी गाण्याच्या कार्यक्रमांना व्हायोलिनची साथ करायचे, आठवडाभर पायाला भिंगरी असायची. इथे अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावरच्या बाईला आवाजाचा त्रास व्हायचा, म्हणून मी कपड्यांच्या कपाटात बसून रियाज करायचे. वर नवऱ्याचे इस्त्रीचे शर्ट लोंबकळत असायचे. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "दिवसभर काय करतेस गं?" मी म्हणायचे, "काही नाही." ते खरंच होतं.

शनिवारी सकाळी आम्ही शेतकऱ्यांच्या बाजारात जायचो, कारण तिथे भेंडी मिळायची. इथले लोक भेंडी पिकवतात आणि पिठात घोळवून तळून खातात, ते बघून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं. भेंडीवाल्याशेजारी एक बँड वाजवत उभा असायचा. गाणारा पंचविशीचा, उंच, डोळे मिटून गाणारा. बँजोवाला म्हातारा, त्याच्याजवळ एक व्हायोलिनही असायचं, पण बोटं आखडल्यामुळे तो ते वाजवायचा नाही, नुसतं सोबत आणायचा.

"शी प्लेज टू," एकदा माझा नवरा त्यांना म्हणाला. चारचौघांत बायकोला पुढे ढकलायची त्याला जुनी हौस. गाऊन दाखव, वाजवून दाखव, उकडीचे मोदक करून दाखव. म्हाताऱ्यानं ते व्हायोलिन माझ्या हातात दिलं.

मी तारा छेडून बघितल्या आणि पुन्हा छेडल्या. सा-प-सा-प. त्यानं तारा अगदी आमच्यासारख्या लावल्या होत्या. इथल्या डोंगरातले जुने वाजवणारे असंच लावतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं. मग मी खाली बसले. भेंडीवाल्याच्या ताडपत्रीवर मांडी घातली, उजवा पाय जरा पुढे घेतला, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवलं. लोक थांबून बघायला लागले. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं, उभं राहून वाजवायला मी शिकलेच नव्हते.

गायकानं गाणं धरलं आणि मी साथ धरली. आता साथ म्हणजे काय, ते सांगायला हवं. साताऱ्याचे आमचे सर म्हणायचे, साथीदारानं गायकाच्या सावलीत चालायचं. तो जी ओळ घेईल ती त्याच्या मागोमाग, हलक्या हातानं घ्यायची. तो थांबला की आपणही थांबायचं, त्याच्या आधी तोंड उघडायचं नाही. इथल्या गाण्यात नेमकं उलटं असतं. गायक गात असताना व्हायोलिन गप्प बसतं आणि तो श्वास घ्यायला थांबला की मधल्या जागेत घुसतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली त्या पोराच्या प्रत्येक ओळीच्या मागे मागे जात राहिले, आणि मधल्या जागा अदबीनं मोकळ्या सोडल्या. गाणं संपल्यावर बँजोवाला खूप हसला. मग म्हणाला, पुढच्या शनिवारी कोठारावर ये.

ते कोठार म्हणजे गावाबाहेरची तंबाखू वाळवायची जुनी लाकडी इमारत. आत अजून तंबाखूचा वास होता, पत्रा तापला की तो जास्तच यायचा. दर शनिवारी दुपारी नवरा मला तिथे सोडायचा. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी बटाटेवडे घेऊन गेले. ते त्यांनी असे खाल्ले की पुढच्या वेळी न नेणं बरं दिसेना. आपल्याकडे कुणाच्या दारात हात हलवत जात नाहीत, हे माझ्या हाडात मुरलेलं. वड्यांचा डबा आधी आणि व्हायोलिन मागून, अशी माझी एंट्री असायची. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

पण तिथे मी सुखात होते. कपाटातून बाहेर आले होते. माझ्या वाजवण्यानं त्यांचं गाणं बदलत चाललेलं मला ऐकू येत होतं. गायक आधी धावत सुटायचा, मागे सावली आहे म्हटल्यावर तो रेंगाळायला शिकला. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारायच्या ऐवजी तो घसरत, मींड घेत यायला लागला, आणि ते तो माझं ऐकून करत होता. ऐकणारे बाजारातल्या कोंडाळ्यातून वाढत वाढत चर्चच्या हॉलपर्यंत गेले. मग त्यांनी रेकॉर्ड करायचं ठरवलं, तेही त्या कोठारातच.

त्यातलं शेवटचं गाणं धाकट्या भावाची वाट बघणाऱ्या बहिणीचं होतं. शेवटच्या ओळीला गायकानं वरचा सूर धरला. मी मनात म्हटलं, आता हा इथून आलाप घेईल. आमच्याकडचा कुठलाही गाणारा असा सूर लागल्यावर तिथून सोडून देत नाही, त्याच्याशी खेळतो. मी व्हायोलिनचा गज खेचून तयार राहिले. आणि हा पठ्ठ्या थांबला की. सगळेच थांबले. माझं व्हायोलिन एकटंच वर लटकत राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जरा थबकले आणि मग ओशाळून, चोरपावलांनी घसरत घसरत खाली 'सा'वर येऊन बसले. मी गायकाला म्हटलं, "सॉरी, पुन्हा घेऊ." म्हातारा म्हणाला, खबरदार कुणी हात लावाल तर.

तसंच ठेवलं. ते गाणं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं. त्या शेवटाबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिली. कुणी त्याला विरह म्हटलं, कुणी आणखी काय काय. तो विरहबिरह काही नव्हता. गायक पुढे गाईल म्हणून थांबलेली एक साथीदार होती, आणि तिची फजिती झाली होती.

रेकॉर्डच्या वेष्टनावर नावं छापायची वेळ आली तेव्हा गायकानं विचारलं, हेही खरं आहे. आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून विचारलं. माझ्या आधी नवराच बोलला. नाव नको. ग्रीन कार्डचं चाललंय, हिला काम करायची परवानगी नाही, उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, "अरे, पैसे कुठे घेतलेत मी?" तो म्हणाला, "ते त्यांना तू समजावणारेस का?"  गायक लगेच म्हणाला, नो प्रॉब्लेम, जसं तुम्हाला बरं वाटेल तसं. इतक्या लगेच म्हणाला की तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण भीती खरी होती. आमच्यातल्या एकाला मायदेशी परत पाठवल्याचं नुकतंच ऐकलं होतं, आणि माझ्या पोटात तेव्हा मुलगी होती. मी मूग गिळून बसले.

त्यानंतर बँड नॅशव्हिलला गेला, कंट्री गाण्यांचा सगळा धंदा चालतो तिथे. मला कुणी चल म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी कुठली जाणार होते. पण म्हटलं नाही ते नाहीच.

पुढचं सगळं मी दुरून ऐकलं. दुसऱ्या रेकॉर्डमध्ये ड्रम आले, इलेक्ट्रिक गिटार आल्या, आणि भाड्यानं बोलावलेला कुणी व्हायोलिनवाला मधल्या जागांत नेमानं घुसायला लागला, जसा रिवाज असतो तसा. चांगला वाजवायचा, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं गाणं आता इतर चार बँडसारखं झालं. मग ट्रक आणि बियरची गाणी आली. मग व्हायोलिन गेलंच, त्या जागी एक यंत्राचा टाळ आला, एरोबिक्सच्या क्लासमध्ये वाजतो तसा ठोक-ठोक. गायकाच्या आवाजावरही काहीतरी इस्त्री फिरवलेली. आधी त्याचा सूर जरा कमी लागायचा, त्यातच तर त्याची गंमत होती. मी दुकानात, पेट्रोल पंपावर, मुलीच्या स्विमिंग क्लासच्या बाहेर हे सगळं ऐकत होते आणि माझा तिळपापड होत होता. नवरा म्हणायचा, "तुला काय करायचंय? त्यांचा बँड आहे." तेव्हा तो त्यांचा होता.

आमचं ग्रीन कार्ड आलं तोवर मुलगी माझ्या खांद्याला लागली होती. काम करायची परवानगी मिळाली तेव्हा काय काम करायचं हेच मला सुचेना. बेसमेंटमध्ये व्हायोलिनचे क्लास सुरू केले. मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या क्लासची मुलं दरवर्षी वाजवायला बसतात. आई-बाप समोर फोन धरून उभे राहतात आणि मुलं रडवेल्या तोंडानं भूप वाजवतात. माझी स्वतःची मुलगी मात्र शिकली नाही. तिनं सॉकर खेळलं, फिजिओथेरपी केली, आता शार्लट शहरात लोकांचे गुडघे नीट करते. ती चांगली आहे. तिला मी कधीतरी ती सीडी ऐकवली होती, गाडीत सीडी लागायची तेव्हा.

मधे एकदा बाजारात तो म्हातारा बँजोवाला भेटला होता. तो नॅशव्हिलला गेला नव्हता. हातात काठी आणि काखेत कलिंगड. मला बघून थांबला आणि म्हणाला, त्यांना आता थांबायला शिकवणारं कुणी उरलं नाही. एवढंच म्हणाला. मग मला कलिंगड वाजवून दाखवलं, पिकलंय का बघ म्हणून. तो गेल्याचं मला बऱ्याच महिन्यांनी भेंडीवाल्याकडून कळलं.

मग फॅशन फिरली. लोकांना पुन्हा लाकडाची वाद्यं आवडायला लागली, तसा हा बँड 'मुळाकडे परत' आला. मुळाकडे म्हणजे कुणाच्या मुळाकडे, ते कुणी विचारलं नाही. आणि आता हा संग्रह.

संग्रह आला त्या रविवारी मुलगी घरीच होती. मी पोळ्या करत होते. तिनं फोन किचनच्या ओट्यावर ठेवला आणि ते भावाची वाट बघण्याचं गाणं लावलं. मी गॅस बंद केला. पहिल्या ओळीलाच मला कळलं. ती मी नव्हते.

त्यांनी पहिल्या रेकॉर्डची सगळी गाणी नव्यानं वाजवून घेतली होती. जुन्या रेकॉर्डचे हक्क दुसऱ्याच कुणाकडे आहेत म्हणे. नव्या वाजवणारीनं एकेक जागा माझी उचलली होती. गायकाच्या मागे सावलीसारखं जाणं, मधल्या जागा सोडणं, मींड, सगळं. हा सगळा साज आता त्यांचा 'सिग्नेचर साउंड' झाला होता. आणि शेवटी गायक थांबला, व्हायोलिन वर लटकलं, थबकलं, आणि घसरत खाली आलं. माझ्यापेक्षा लांबवून, रडवून. माझी फजितीसुद्धा तिनं शिकून घेतली होती.

"इज दॅट यू?" मुलीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "गॅस लाव परत."

तिनं मग इंटरनेटवर बघितलं. वाजवणारीचं नाव होतं, मिक्सिंग करणाऱ्याचं होतं, सगळ्यांची होती. मी म्हटलं, गरज सरो नि वैद्य मरो. ती म्हणाली, "व्हॉट डझ दॅट मीन?" मी सांगितलं.  त्या संध्याकाळीच तिनं कार्यक्रमाची तिकिटं काढली. बँड या संग्रहाचा दौरा करत होता आणि पुढच्या महिन्यात आमच्या इथल्याच मोकळ्या मैदानातल्या थिएटरात येणार होता. मी नको नको म्हटलं. पण मनात म्हटलं, इथून ते कोठार हाकेच्या अंतरावर आहे. इथे येऊन तरी तो सांगेल. कोठाराचं नाव निघालं की माझं निघेलच. इतकी वर्षं झाली, आता कुठला व्हिसा आणि कसली भीती.

कार्यक्रमाला आम्ही तिघं गेलो. ऊन अजून उतरायचं होतं, माणसं गवतावर चादरी टाकून बसली होती. मी उगाचच चांगला सिल्कचा कुर्ता घातला होता. माझ्या जागेवरून स्टेज नीट दिसत होतं. पहिली गाणी ट्रकची झाली. अंधार पडल्यावर दिवे मंद केले, एक छोटीशी सतरंजी अंथरली, आणि ती नवी वाजवणारी येऊन तिच्यावर बसली. हॅट, बूट, सगळं होतं. मांडी घातली, उजवा पाय पुढे घेतला, आणि व्हायोलिनचं टोक बुटावर टेकवलं.

"अगं, हे तर तुझं," नवरा म्हणाला. आणि फोन काढून शूटिंग करायला लागला.

गायक माइकपाशी आला. आता त्याचे केस पांढरे झालेत, शोभतातही. म्हणाला, लोक मला नेहमी विचारतात, तुमच्या बँडमध्ये व्हायोलिन खाली बसून का वाजवतात. तर आमचे आजोबा डोंगरात राहायचे, त्यांच्या पाठीत घोड्यानं लाथ मारली, तेव्हापासून ते पोर्चवर असे जमिनीवर बसून वाजवायचे. लोक हसले. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, आणि आजी गेली त्या दिवशी त्यांनी एक सूर असा धरला की तो त्यांना सोडवेना. तोच सूर या गाण्याच्या शेवटी आहे. हे आमच्या रक्तात आहे.

कोठाराचा उल्लेख झाला. बँजोवाल्याचाही झाला, त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या. मग गाणं झालं. शेवट आला तेव्हा हजारो माणसं श्वास रोखून होती. पुढच्या चादरीवरची एक बाई रडत होती. ती माझ्या ओशाळण्यावर रडत होती, आणि मी तिच्या मागे बसून काजूच्या पाकिटाची गुंडाळी करत होते. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या घोड्याचा हेवा वाटला. त्याचं निदान नाव तरी निघालं होतं.

कार्यक्रमानंतर गायक रेकॉर्डवर सह्या देत होता. मुलीनं मला हाताला धरून रांगेत उभं केलं. "आई, टेल हिम," ती म्हणाली. "जस्ट टेल हिम." मी रांगेत मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. अमुक म्हणू, नको, तमुक म्हणू. अगदी साधं वाक्य जुळवलं होतं: ते शेवटचं व्हायोलिन माझं आहे, आणि हे तुला माहीत आहे.

आमची पाळी आली. त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा खरंच उजळला. "ओह माय गॉड," तो म्हणाला, "द पोटॅटो थिंग्ज." शेजारच्या माणसाला म्हणाला, आम्ही उपाशी मरत होतो ना, तेव्हा या बाई दर शनिवारी आमच्यासाठी खायला आणायच्या. देवमाणूस.

"शी स्टिल मेक्स देम," माझा नवरा म्हणाला. खूश होऊन म्हणाला. "यू मस्ट कम होम."

ते दोघं हसले. फोटो काढला. मी मध्ये उभी. गायकानं सही करायला मान खाली घातली, आणि तेव्हा त्याची नजर माझ्या डाव्या हातावर गेली, टेबलावर टेकलेल्या बोटांवर. तारांनी बोटांच्या टोकांना घट्टे पडतात, ते त्याला दिसले. तो नुसता विसरला असता तर मी त्याला माफ केलं असतं, वयपरत्वे होतं माणसाचं. पण त्यानं ती बोटं बघितली आणि मग मागच्या माणसाकडे बघून "नेक्स्ट" म्हणाला. रेकॉर्ड माझ्या हातात आली. मी म्हटलं, "थँक यू."

जुळवलेल्या वाक्यातलं एक अक्षर तोंडातून बाहेर पडलं नाही. बाहेर पडलं ते थँक यू.

गाडी हायवेला लागली. मग नवरा म्हणाला, "बघ, किती आठवण ठेवलीय त्यानं."  अठ्ठावीस-तीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी गाडी चालवतोय आणि याला कळलं नाही.

"व्हाय डिडन्ट यू से एनिथिंग?" मुलीनं मागून विचारलं.

मी तिला सरांचं सांगितलं. साथ करणाऱ्यानं मध्ये तोंड उघडायचं नसतं. गाणारा गात असताना आपण मागे राहायचं, असं आम्हाला शिकवलंय.

"बट आई," ती म्हणाली, "ही वॉजन्ट सिंगिंग."

 नवऱ्यानं एसी वाढवला.

त्यानंतर मी वडे केले नाहीत. नवऱ्यानं दोनदा आडून आडून विचारलं, मग सोडून दिलं. रेकॉर्ड त्यानं दिवाणखान्यात फ्रेम करून लावायचं म्हटलं, त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती आता गॅरेजमध्ये आहे, बर्फाच्या फावड्यामागे.

आणि परवा शनिवारी क्लासला एक मुलगी आली, माझी जुनी विद्यार्थिनी, दहा-अकरा वर्षांची, हुशार. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात या वर्षी इंग्लिश गाणं चालणार आहे, आणि तिच्या आईनं तिच्यासाठी कुठलं निवडलं असेल? तिनं ते फोनवर ऐकून निम्मं बसवूनही आणलं होतं. फक्त शेवट जमत नव्हता. म्हणाली, "काकू, कॅन यू शो मी?"

मी सतरंजीवर बसले. व्हायोलिन घोट्यावर टेकवलं. किती वर्षांनी तो सूर धरला असेल कोण जाणे. वर गेले, थांबले, आणि त्या दिवशी आले होते तशीच, घाईघाईनं, चोरासारखी खाली आले. अगदी तसंच आलं. तापलेल्या पत्र्याचा वाससुद्धा आला मला.

मुलगी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "काकू, दॅट्स नॉट हाऊ इट गोज." रेकॉर्डवर ते खूप लांब आहे, असं तिनं मला हातानं दाखवलं. इतकं, काकू.

तेव्हा मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा, बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी बसून म्हटलं, "अगं, हे असंच आहे. हे पहिल्यांदा मीच वाजवलंय. ही माझी जागा आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. चांगल्या घरातली मुलगी आहे, मोठ्या माणसांशी कसं बोलायचं ते तिला शिकवलेलं आहे. तिनं मान हलवली.

"ओके, काकू," ती म्हणाली, आणि फोनवर रेकॉर्डमधला शेवट लावून माझ्यासमोर धरला, मला नीट शिकता यावं म्हणून.